मुलींच्या वसतिगृहाचं पाणी: विद्यापीठाच्या सुविधा प्रमुखांसमोरचा एक पेच

हे प्रकरण सांगली-मिरज परिसरातल्या एका विद्यापीठातलं आहे. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. नंतर नेमलेल्या चौकशी समितीवर मी बाहेरचा सदस्य होतो, त्यामुळे नोंदवह्या, टिपण्या आणि माणसं जवळून पाहता आली. सुविधा सांभाळणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर विद्यापीठ किती जबाबदारी टाकतं आणि त्याच्या हातात किती अधिकार देतं, यातली तफावत या प्रकरणात उघडी पडली. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

विद्यापीठाच्या इस्टेट विभागाच्या प्रमुख सिव्हिल इंजिनिअर आहेत. आधी त्या एका साखर कारखान्याच्या बांधकाम विभागात होत्या. परिसरात सगळे त्यांना ‘इस्टेटच्या मॅडम’ म्हणतात, म्हणून इथेही मॅडमच म्हणतो. पाणी, वीज, जनरेटर, लिफ्ट, अग्निशमन, साफसफाई, सुरक्षा, बाग, वर्गखोल्यांची डागडुजी आणि तीन वसतिगृहं हे सगळं त्यांच्याकडे. हाताखाली कायम कर्मचारी मोजके, बाकी सगळे ठेकेदारामार्फत.

पदाचं नाव भारदस्त असलं तरी त्यांच्या सहीने होणाऱ्या खर्चाची मर्यादा इतकी कमी होती, की एक मोठा पंप बिघडला तरी नस्ती कुलसचिवांकडे आणि तिथून वित्त व लेखाधिकाऱ्यांकडे जायची. शिवाय परिसरात खोदाई करणारे विभाग अनेक होते. नेटवर्कवाल्यांचा ठेकेदार वेगळा, सौर पॅनेलवाल्यांचा वेगळा, नव्या इमारतीचा वेगळा. या कामांचे कार्यादेश ज्या त्या विभागातून निघायचे आणि इस्टेटला त्याची प्रत जायचीच असं नव्हतं. जमिनीखाली काही फुटलं की फोन मात्र इस्टेटला.

पाण्याची व्यवस्था अशी होती: शहराच्या योजनेचं पाणी भूमिगत टाकीत यायचं, तिथे टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची पावडर) पडायची, मग पंपाने ते उंच टाकीत चढायचं. उंच टाकीतून सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी तिन्ही वसतिगृहांना सोडायचं. प्रत्येक मजल्यावर आरओ यंत्र होतं. मुली पितात ते आरओचं पाणी, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मिटला आहे, असं सगळे धरून चालले होते.

लक्षणं दिसली ती विखुरलेली

जुलैच्या उत्तरार्धात मुलींच्या वसतिगृहातल्या काही मुली आजारी पडल्या. ताप, मळमळ, जेवण नकोसं होणं. जतची मुलगी जतला गेली, आटपाडीची आटपाडीला, कुणी कवठेमहांकाळला. प्रत्येकीचा डॉक्टर वेगळा, त्यामुळे एकाच छताखाली राहणाऱ्या मुलींना एकच आजार होतो आहे हे कुणालाच दिसलं नाही. रेक्टरबाईंच्या वहीत फक्त ‘घरी गेली’ एवढीच नोंद. पहिली काविळीची चिठ्ठी आली तीसुद्धा रजेच्या अर्जासोबत.

त्या दिवसांत सांगलीकरांचं लक्ष नदीकडे असतं. पाऊस वाढला, कोयनेतून विसर्ग सुरू झाला, की आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट याचीच चर्चा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ साली पातळी ५७ फुटांच्याही वर गेली होती, ते कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे काविळीची कुजबुज सुरू झाल्यावर पहिला संशय नदीच्या गढूळ पाण्यावर गेला, दुसरा आरओच्या ठेकेदारावर, तिसरा बाहेरच्या वडापाववर. आरओची यंत्रं तपासली, फिल्टर बदलले. तिथे चार दिवस गेले.

मॅडमनी वेगळ्या ठिकाणी बघायला सुरुवात केली. विभागाच्या तक्रार नोंदवहीत जूनच्या शेवटापासून मुलींच्या वसतिगृहाच्या नावावर ‘पाण्याला वास’ अशा तक्रारी होत्या. प्रत्येकीपुढे ‘टाकी धुतली’ असा शेरा मारून तक्रार बंद केलेली. त्यांनी ही वही आणि रेक्टरबाईंची रजेची वही शेजारी शेजारी ठेवली. मग पंपावरच्या मामांना बोलावलं. मामा या परिसरात पहिली इमारत उभी राहिली तेव्हापासून आहेत. ते म्हणाले, “टाकी लवकर बसतीया, मॅडम. जून धरनं मोटर अर्धा तास जादा चालवाय लागतीया. मुली वाढल्या असतील म्हटलं.”

तिथून त्या मेसमध्ये गेल्या. मेसचा नळ थेट लाइनवर आहे, गच्चीवरच्या टाक्यांमधून येत नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या सहज बोलून गेल्या: “पयलं पाणी घाण येतंय, मग बरं येतंय.” भाजी-आमटी उकळते, पण कोशिंबिरीच्या काकड्या त्याच नळाखाली धुतल्या जायच्या. दुपारच्या ताकात पडायचं तेही याच नळाचं, सकाळी पिंपात भरून ठेवलेलं पाणी. पिण्यासाठी आरओ, पण ताकाला नळाचं पाणी!

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा मावशींच्या या एका वाक्यात होता, आणि तो महिनाभर तिथेच पडून होता. कुणी विचारलंच नव्हतं.

पुरावा आधी की औषध आधी

त्याच संध्याकाळी पाणी सोडायच्या वेळी मॅडम ओटी टेस्टची बाटली घेऊन उभ्या राहिल्या. ही चाचणी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यालाही येते. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. उंच टाकीच्या तोंडाशी पाणी छान पिवळं झालं. मुलांच्या वसतिगृहाशी फिकट पिवळं. मुलींच्या वसतिगृहाच्या व्हॉल्व्हपाशी पहिली काही मिनिटं रंगच आला नाही, आणि पंधरा मिनिटांनी हलकी पिवळी झाक दिसली.

याचा अर्थ त्यांना तिथेच लागला. टाकी स्वच्छ आहे, योजनेचं पाणीही ठीक आहे. टाकी आणि मुलींचं वसतिगृह यांच्यामधल्या लाइनमध्ये, पाणी बंद असतानाच्या वेळात, क्लोरीन खाऊन टाकणारं काहीतरी आत येतं आहे. पाणी चालू असताना फुटक्या जागेतून बाहेर गळतं, म्हणून टाकी लवकर रिकामी होते. पाणी बंद झालं की लाइन मोकळी होते आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दोन वेळच्या पाणीपुरवठ्याचा हा जुना धोका आहे. २४ तास दाब असलेल्या लाइनमध्ये तो फार कमी असतो.

आता हाताशी टीसीएल होतं, आणि तिथे उभ्या प्रत्येकाचं म्हणणं होतं की लगेच टाका. इथे पहिला खरा निर्णय झाला. आधी क्लोरीन टाकलं असतं तर पाण्याचे नमुने बिनकामाचे झाले असते. दूषित पाणी कुठून आलं हे पुढे कधीच सिद्ध झालं नसतं, आणि दुरुस्तीसाठी कुणी पैसेही दिले नसते. मॅडमनी मिरजेहून प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटल्या मागवल्या. दरम्यान लाइन बंद केली आणि मेसला आहे ते पाणी वापरायला मनाई केली. बाटल्या आल्यावर लाइन फक्त नमुन्यांपुरती उघडली आणि टाकी, व्हॉल्व्ह, मेसचा नळ, गच्ची अशा चार ठिकाणचे नमुने घेऊन बर्फाच्या पेटीत रवाना केले. त्यानंतर टीसीएलला हात लावला. पाणी बंद ठेवल्यामुळे या उशिराची झळ कुणाला बसली नाही. पाणी चालू ठेवून नमुन्यांची वाट पाहिली असती तर मी या निर्णयाला चूक म्हटलं असतं.

समोरचे पर्याय

रात्री कुलसचिवांच्या दालनात बैठक झाली. दोन दिवसांवर अंतर्गत परीक्षा होत्या. चार मार्ग चर्चेत होते.

पहिला मार्ग, अहवाल येईपर्यंत थांबायचं. जिवाणू तपासणीला एक-दोन दिवस लागतातच. प्रशासनाचा कल इकडे होता, कारण ‘पुराव्याशिवाय बोभाटा नको’.

दुसरा, पाणी चालू ठेवायचं आणि टीसीएलची मात्रा वाढवायची. ऐकायला सोपं. एरवी १,००० लिटरला ५ ग्रॅम पावडर पुरते, ती दुप्पट-तिप्पट करा, असं एकाने सुचवलं. पण क्लोरीन टाकीत पडतं आणि मैला टाकीच्या पुढे शिरतो. तो किती आणि कधी शिरेल याचा नेम नाही. सेंद्रिय घाण जास्त असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं. हा मार्ग म्हणजे मनाचं समाधान, असं मॅडमनी तिथेच सांगितलं.

तिसरा, वसतिगृह रिकामं करून मुलींना घरी पाठवायचं. काही पालकांची हीच मागणी होती आणि विद्यापीठालाही ते सोयीचं होतं. या पर्यायावर बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला. मिरजेतल्या रक्त तपासणीत हिपॅटायटिस ए निघाला होता. या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, साधारण चार आठवडे. आणि डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत रुग्णाकडून संसर्ग सर्वाधिक पसरतो. म्हणजे आज ठणठणीत दिसणाऱ्या मुलींपैकी काही जणी संसर्ग घेऊन गावी जाणार. तिथल्या विहिरी, हातपंप, एकत्र कुटुंबातली लहान मुलं, सगळं धोक्यात. शिवाय इथे राहिल्या तर सगळ्यांवर एकत्र लक्ष ठेवता येतं, गेल्या की पुन्हा प्रत्येकीचा डॉक्टर वेगळा.

चौथा मार्ग, मुलींच्या वसतिगृहाची लाइन पूर्ण तोडायची, टँकर लावायचा, पिण्यासाठी आणि ताक-कोशिंबिरीसाठी फक्त उकळलेलं पाणी द्यायचं आणि तोवर फुटलेली जागा शोधायची.

मॅडमनी चौथा मार्ग मांडला आणि मंजुरीची वाट न पाहता त्याच रात्री टँकरला फोन केला. खर्च त्यांच्या मर्यादेबाहेर होता. त्यांनी एक पानी टिपणी लिहिली: काय आढळलं, काय केलं, अंदाजे किती लागेल, कार्योत्तर मंजुरी मिळावी. कुलसचिवांनी तिच्यावर सही केली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. मधले पंधरा-सोळा तास सगळी जोखीम त्या एका बाईच्या सहीवर होती.

केलेली कार्यवाही

टँकरचं पाणी उतरवण्याआधी प्रत्येक वेळी ओटी टेस्ट. रंग न आल्यामुळे एक टँकर फाटकातूनच परत पाठवला. वीस लिटरचे जार मागवा असा आग्रह होता. तो त्यांनी मानला नाही, कारण थंड केलेल्या जारच्या पाण्याची खात्री कोण देणार? मेसच्या मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळायचं, झाकून निववायचं आणि तोटीच्या पिंपात भरायचं असं ठरलं. गॅस सिलिंडर वाढले, पण मावशींनी एक दिवसही खाडा केला नाही. गच्चीवरच्या टाक्या उपसून, घासून, टीसीएलच्या पाण्याने धुऊन घेतल्या.

जागा शोधणं अवघड होतं. विभागात नकाशा होता तो इमारती बांधतानाचा. त्यानंतर लाइन किती वेळा वळवली, याची नोंद कुठेच नव्हती. पावसाळ्यात सगळीच जमीन ओली, त्यामुळे ओल पाहूनही काही कळेना. शेवटी मामा उपयोगी पडले. लिंबाच्या झाडापाशी लाइन वळवली होती हे त्यांना आठवत होतं, आणि मे महिन्यात तिथूनच जेसीबीने केबलसाठी चर मारला होता हेही. जेसीबी न बोलावता माणसं लावून हाताने खणलं.

कमरेइतकं खाली गेल्यावर पाण्याचा पाइप दिसला. त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळलेली होती. हातभर अंतरावर मैल्याच्या जुन्या चिनीमातीच्या पाइपचा सांधा तडकलेला, आणि दोन्हींच्या मधली माती काळी, दुर्गंधी सुटलेली. पाण्याची आणि मैल्याची लाइन यांत शक्यतो ३ मीटर अंतर ठेवावं आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे पाण्याची वर असावी, हा स्थापत्यातला साधा नियम. इथे ती खाली होती.

उलगडा झाला. मे महिन्यात सुट्टी होती, वसतिगृह रिकामं होतं. केबलच्या ठेकेदाराच्या जेसीबीचा दात पाइपला लागला, त्याच्याच माणसाने ट्यूब बांधली, चर बुजवला आणि कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. जूनच्या पावसाने ती फुगली, दुखावलेला सांधा सुटला. मुली परतल्या त्याच सुमाराला. तिथून चार आठवडे मोजले की जुलैचा उत्तरार्ध येतो.

मैल्याचा सांधा बदलला, पाण्याची लाइन तात्पुरती जमिनीवरून नेली. नवीन लाइनमध्ये जास्त मात्रेचं क्लोरीन भरून रात्रभर ठेवलं, मग धुऊन टाकलं. अहवालात मेसच्या नळाच्या नमुन्यात ई. कोलाय हा मैला मिसळल्याची खूण असलेला जिवाणू सापडला, टाकीच्या नमुन्यात नाही. १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात तो अजिबात असता कामा नये. लागोपाठच्या नमुन्यांचे अहवाल स्वच्छ आल्यावरच टँकर बंद झाला.

परिणाम

पाणी बंद केल्यानंतरही नवे रुग्ण येत राहिले. पालकांचा संताप उसळला तो याच काळात: “दुरुस्ती झाली म्हणता, मग पोरी अजून आजारी कशा पडतात?” या आजाराचा कालावधी माहीत असणाऱ्यांना यात नवल नव्हतं, पण पालकांना ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडम आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी पालकसभेत तारखांचा तक्ता फळ्यावर काढून समजावलं. सप्टेंबर संपेपर्यंत नवे रुग्ण थांबले. सगळ्या मुली बऱ्या झाल्या. ज्यांची परीक्षा बुडली त्यांच्यासाठी फेरपरीक्षा घ्यावी लागली.

जबाबदारी ठरवण्याची वेळ आली तेव्हा पहिला मसुदा तयार झाला तो मामांना कारणे दाखवा नोटीस देण्याचा. टाकी लवकर रिकामी होते हे लेखी कळवलं नाही, असा आरोप. मॅडमनी त्यावर सही करायला नकार दिला आणि समितीपुढे स्पष्ट सांगितलं, की पंपावर नोंदवही विभागाने ठेवलीच नव्हती, मामांनी लिहायचं कुठे? मला हा या प्रकरणातला सगळ्यात धैर्याचा क्षण वाटतो. टँकर मागवण्यात नियमाची जोखीम होती, इथे वरिष्ठांची मर्जी पणाला होती. समितीने नोटीस मागे घ्यायला लावली. केबलच्या ठेकेदाराला गाठायचं तर त्याची अनामत रक्कम जूनमध्येच परत दिलेली होती.

टँकरच्या खर्चावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. दरपत्रकं मागवली नव्हती, हे खरंच होतं. रात्रीची टिपणी नस्तीत होती म्हणून तो आक्षेप मिटला. एक पान, पण वेळेवर लिहिलेलं.

काय वेगळं करता आलं असतं

मुलींना सांगायला उशीर झाला. पाणी बंद केलं त्या रात्री सूचना निघायला हवी होती. ती काढण्याचा अधिकार कुलसचिवांचा, आणि तिथे शब्द घासूनपुसून घेण्यात दोन दिवस गेले. तोपर्यंत गच्चीच्या टाकीतल्या पाण्याने मुली दात घासत होत्या. रेक्टरबाईंनी शेवटी सूचनेची वाट न बघता जेवणाच्या वेळी मेसमध्ये उभं राहून तोंडी सांगितलं. आरोग्य यंत्रणेला कळवायलाही तेवढाच उशीर झाला. संपर्कात आलेल्यांना हिपॅटायटिस ए ची लस पहिल्या दोन आठवड्यांत दिली तर उपयोग होतो, त्यामुळे तिथे प्रत्येक दिवस मोलाचा होता. पाण्यासंबंधीची तातडीची सूचना सुविधा प्रमुखांच्या सहीने निघावी, ही समितीची पहिली शिफारस होती आणि ती मान्य झाली.

‘टाकी धुतली’ हा शेरा मारून तक्रार बंद करण्याची सवय मला अजूनही अस्वस्थ करते. एकाच इमारतीतून एकच तक्रार तिसऱ्यांदा आली की ती आपोआप प्रमुखांच्या टेबलावर जाईल, एवढी सोय असती तर जुलैच्या पहिल्या आठवड्यातच लाइन बंद झाली असती. आता तशी सोय केली आहे. पंपावर नोंदवही आहे आणि मामा रोज मोटरचे तास लिहितात. ओटी टेस्ट आता टाकीपाशी न करता प्रत्येक लाइनच्या शेवटच्या नळावर होते, पाणी सुटल्यासुटल्या. क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवंच, ते टाकीत किती आहे यापेक्षा टोकाच्या नळाला किती उरतं हे महत्त्वाचं.

सर्वांत मोठा बदल खोदाई परवान्याचा. कुठल्याही विभागाचं काम असो, इस्टेटच्या सहीशिवाय कुदळ लागणार नाही, आणि उघड्या चराची पाहणी होऊन फोटो निघाल्याशिवाय तो बुजवायचा नाही. अनामत रक्कम एक पावसाळा गेल्यावरच परत. पहिल्या वर्षी नेटवर्क विभागाने यावर नाराजी कळवली, कामं लांबतात म्हणून. लांबतात हे खरं आहे.

खर्चाच्या मर्यादेचं घोडं मात्र अडलेलं आहे. तातडीच्या प्रसंगी प्रमुखांना थेट खर्च करता यावा हा प्रस्ताव वित्त समितीपुढे दोनदा गेला आणि दोनदा पुढच्या बैठकीवर ढकलला. कर्मचारी निवासस्थानांकडे जाणारी पाण्याची लाइनही अजून मैल्याच्या लाइनला खेटूनच आहे. तिचं अंदाजपत्रक मॅडमनी दिलेलं आहे. मंजुरी येईपर्यंत त्या टोकाच्या नळाची चाचणी दिवसातून दोनदा होते.